डोळ्यांखालच्या पिशव्या

हसू नका, पण डोळ्यांखालच्या फुगलेल्या पिशव्या आरशात पाहून माझी खात्रीच पटली होती की आपली किडनी गेली. त्यावरचे शोधनिबंध वाचून उरलीसुरली झोपही उडाली. शेवटी बायकोने मला जयनगरातल्या कानडी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "किडनी उत्तम आहे, सर. हे वय आणि वाडवडिलांची देणगी. मीठ स्वल्प कमी करा, झोपा. क्रीमने फारसं काही होत नाही. अगदीच खुपत असेल तर ऑपरेशन करता येतं."

"मुळीच नको," बायको म्हणाली. "हे मला बघायला आले तेव्हाही पिशव्या होत्याच. मुलगा रात्ररात्र अभ्यास करतो असं वाटलं, म्हणून तर मी होकार दिला!"

आदल्या रात्री मी जागा होतो हे खरं, पण मुलगी नकार देईल या धास्तीने.