बारा काड्या

माझी नात विनता हिचं लग्न झालं ते २००९ साल. त्याच उन्हाळ्यात गालाच्या कॅन्सरसाठी मी जबलपूरला सिकाई, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जात होतो. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी मझौलीचे बळीराम आणि त्यांची बायको अंजनी बसत. बळीरामांचाही आजार माझाच. अंजनीबाई रोज त्यांच्या दातांमध्ये आईस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत घालून तोंड किती उघडतं ते पाहत.

"तोंड उघडा. काड्या घालून पाहू द्या."

"सकाळीच पाहिल्या न!"

"दहाच गेल्या. बारा गेल्या पाहिजेत, नाही तर जबडा आखडेल अन् नाकातून नळी घालतील."

"तुले आईस्क्रीम खायला बहाणा पाहिजे."

"मंग काड्या का झाडाले लागतात? तुमच्यापायी रोज सदर बाजारात जाऊन खाऊन राहिली मी!"

"बिचारी! अन् मी पेज पिऊन राहिलो."

"बारा गेल्या की खोव्याची जिलबी देईन. उघडा."

"आ..."

"दहा, अकरा, बारा! अच्छा! थांबा, ह्या पातळ काहून लागतात? फरशीवर घासल्या न तुम्ही?"

"थोड्याशाच."

"चलो, आता पुन्हा बारा आईस्क्रीमं आली माझ्या नशिबी."

दिवाळीत अंजनीबाई सदरात भेटल्या. बळीरामांच्या तोंडात जाड बारा काड्या गेल्या, त्यांनी जिलबी खाल्ली, त्यांना ती गोड लागली, असं म्हणाल्या.

बळीराम १७ जानेवारी २०१० ला वारले.