मीटर कोणी फिरवलेला नाही

— नाही हो, मीटर कोणी फिरवलेला नाही! एकोणीस हजार तीनशे म्हणजे एकोणीस हजार तीनशेच, देवाशपथ — सतरा वर्षांत एवढीच चालली ही गाडी, मी कशाला खोटं बोलू सकाळी सकाळी? तुम्ही आपलं आत डोकं घातलंत, बाहेर आलात, नि माझ्याकडे असं बघताय की जणू मी दुधात पाणी घालून विकतेय. आधी पाणी घ्या. धारहून निघालात कधी — साडेपाचला? तरीच. ह्यांनी तुम्हाला नऊची वेळ दिली होती ना, आणि आत्ता आठ वाजतायत. हे टेकडीवर गेलेत देवीच्या दर्शनाला, रविवारी पायऱ्यांनी चढतात, मग खाली उतरून दुकानदारांशी गप्पा, येतील तासाभरात. तोवर मी आहे. नलिनी. मला काकू म्हणा, सगळे तेच म्हणतात.

बाहेरून मात्र पटली ना? तेवढं तरी कबूल करा, अजेयराव. रंग बघा — मोतिया. तोंड दिसतं त्यात, केस विंचरून घ्या हवं तर. हे दर रविवारी पुसतात, फडक्याने नाही, धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराने — दुकानात नवीन धोतर घेताना आधी चिमटीत धरून म्हणतात, हे पुढे गाडीला छान होईल. कव्हर मीच शिवलंय, आतून फ्लॅनेल लावलेलं. पुढच्या दिव्यांना मोजे घालतात — हसू नका, खरंच मोजे, आमच्या स्वानंदचे शाळेतले — उन्हाने काच पिवळी पडते म्हणून. उन्हात न्यायची नाही, रंग उडतो. पावसात न्यायची नाही, खालून गंजते. भोपाळ रोडवर ट्रक, इंदूरला गर्दी, खेड्याकडे धूळ — मग राहिलं काय? आमचा पोर्च! अहो, दसऱ्याला पूजा करायची तर आधी बॉनेटवर प्लास्टिकचा कागद अंथरतात, त्यावर मी हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढायचं, आरती झाली की कागद घडी करून कपाटात. आता तर मी नवीन काढतसुद्धा नाही, मागच्याच साली काढलेलं पुन्हा अंथरतो. आणि एकोणीस हजार तरी कुठे झाले म्हणाल तर — आमच्या मुलीचं, शिवानीचं लग्न, चार-सहा वेळा उज्जैन, आणि बाकी सगळं सर्व्हिसिंगला नेणं-आणणं. गाडी सर्व्हिसिंगला जायची, म्हणून चालायची, आणि चालायची म्हणून पुन्हा सर्व्हिसिंगला जायची!

आमच्या दिरांची जीप बघा, दत्ताजींची, उदयनगरला असतात ते. तीन लाखांवर चाललीय. एक दार निळं, बाकीची जीप हिरवी, काचेला तडा, आत बकरीचा वास — कारण बकऱ्या खरंच बसतात तिच्यात. रूप म्हणाल तर काही नाही. पण किल्ली फिरवली की अशी उठते! आणि ही आमची राणी, टायर बघितलेत ना तुम्ही, नक्षी जराही झिजलेली नाही, पण रबराला भेगा. एका जागी उभं राहून राहून. माणसं मलाही म्हणतात बरं का, नलिनीबाई, एकसष्टच्या वाटत नाही हो तुम्ही. मी म्हणते, कशी वाटणार, कव्हरमध्ये ठेवलीय ना. — नाही नाही, गंमत केली. घ्या, पाणी घ्या आणखी.

हां, आतलं. तुम्ही विसरणार नाही म्हणा. तुम्ही अमझेऱ्याला शाळेत शिकवता की पोलीस चौकीत असता? क्लचचं रबर गुळगुळीत, ब्रेकचं गुळगुळीत, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले — दुसरा आणि चौथा तर दिसतच नाहीत — आणि बाकी सगळ्या सीटांवर शोरूममधलं प्लास्टिक जसंच्या तसं, एका ड्रायव्हरच्या सीटवर फाटलेलं, त्याला टेप लावलेली. म्हणजे बाहेरून एकोणीस हजार आणि आतून दोन लाख. बरोबर आहे तुमचं. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, मीटर फिरवला. पण तो नाही फिरवला हो! आता कसं सांगू — ह्यांना सांगायचं नाही. नाही सांगणार? पक्का? अहो, ह्यांनासुद्धा वाटतं की उंदीर आहे. प्लास्टिक उंदराने कुरतडलं म्हणून सहा वर्षं झाली पिंजरा लावतायत गाडीखाली. रोज रात्री भजं ठेवतात त्यात. मी आहे तो उंदीर!

झालं काय, गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. तेव्हा ह्यांनी मला शिकवलं — दर शनिवारी किल्ली लावायची, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं, बंद करायचं, उतरायचं. बस्स. गिअरला हात नाही लावायचा. शनिवारी दुपारी हे नोटा छापायच्या प्रेसमध्ये ड्यूटीवर असायचे तेव्हा. आणि एका शनिवारी इंजिन बंद केलं नि उतरायचं राहूनच गेलं. सहज क्लच दाबून बघितला. मग पहिला टाकला. मग दुसरा. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी जाऊन बसले. हे रिटायर झाल्यावर वाटलं, संपलं आता — पण हे जेवून एक ते तीन झोपतात, घोरणं खिडकीतून पोर्चात ऐकू येतं, ते थांबलं की उतरायचं. अकरा वर्षं, अजेयराव! इंजिन बंद, गाडी जागेवर, पुढून कव्हर वर केलेलं, काचेसमोर भिंत — आणि मी चाललेय! पहिला, दुसरा, इंदूर बायपासला चौथा, राऊला तिसरा, तुमच्या धारचा नाका, मग अमझेरा, टांड्याच्या चढाला दुसरा — पाय दुखून यायचे हो संध्याकाळी. हे म्हणायचे, गुडघे तपासून घे तुझे. डॉक्टरांनीही गोळ्या दिल्या. खाल्ल्या मी!

कुठे म्हणजे? निसरपूरला. माहेर माझं. तुम्ही त्या जिल्ह्यातले, तुम्हाला काय सांगायचं. आजोबा संस्थानच्या काळात तिथे कारकून होते, तेव्हापासून आमचं घर. ही गाडी आली त्या दसऱ्याला मी ह्यांना म्हटलं, मला एकदा गाडीने माहेरच्या दारात उतरायचंय, आणि आईने तुकडा ओवाळून टाकलेला बघायचाय, दुसरं काही नको. हे म्हणाले, रस्ता उखडलाय, खडी उडून रंगाला लागेल, रस्ता झाला की जाऊ. रस्ता झाला. मग म्हणाले, धूळ फार, पाऊस पडून गेला की जाऊ. आई गेली. मग धरण भरलं, आणि एका सकाळी भाऊचा फोन आला, ताई, पाणी अंगणात आलं गं. तेव्हा गेलो आम्ही — बसने! तीन बस बदलून! कारण पाण्यात गाडी कशी न्यायची? घर गेलं ते. दार, अंगण, सगळं पाण्याखाली आहे. मला राग आला होता हो. अजून आहे. असा माणूस की जो मला कधी वावगा शब्द बोलला नाही, आजारपणात रात्र-रात्र उशाशी बसला, आणि त्याच्यावर एवढा राग घेऊन मी त्याला दोन वेळा गरम पोळी वाढते. — जाऊ द्या. भाऊ वरच्या वसाहतीत असतो आता, नवीन घर, पत्र्याचं का होईना. दर फोनला विचारतो, ताई, कधी येतेस.

मग दोन वर्षांपूर्वी मी काय केलं माहीत आहे? लायसन्स काढलं! खरंच! मागच्या गल्लीत अल्पना आहे, बायकांना गाडी शिकवते. ह्यांना सांगितलं, भजनी मंडळ लावलंय. एकवीस दिवस भजन! पहिल्या दिवशी अल्पना थक्क — काकू, तुमचा क्लच तर टॅक्सीवाल्यासारखा आहे, कुठे शिकलात? आणि पाचव्या मिनिटाला किंचाळली. कारण मी नुसती समोर बघत होते, टक लावून, मान हलवायची नाही, आरसा नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही — भिंतीसमोर शिकलेली ना मी! मला ठाऊकच नव्हतं की बाजूनेही काही येतं. एक म्हैस आली. म्हैस शहाणी होती म्हणून ठीक. — लायसन्स? आहे ना, तुरीच्या डाळीच्या डब्यात, तळाशी. थांबा — नाही, इथेच आहे, आज सकाळी काढून कमरेला खोचलं. का खोचलं ते मला विचारू नका, मलाही माहीत नव्हतं. किल्लीही माझ्याकडेच आहे, शनिवारची.

तुम्हाला ह्यांनी फोनवर काय सांगितलं होतं? मोतीबिंदू झाला, आता मला जमत नाही, आणि चालवणारं घरात कोणी नाही. असंच ना? मी पोळ्या लाटत होते तिथेच. चालवणारं कोणी नाही! लाटणं हातात तसंच राहिलं. म्हटलं, बोलावं आत्ता. नाही बोलले. सतरा वर्षांची सवय. आणि आता तुमच्यासारख्या परक्या माणसासमोर सगळं भडाभडा — तुम्ही ऐकून घेताय, त्याचाच हा परिणाम! तुम्हाला ट्रायल हवी होती ना? मग बाजूला व्हा. नाही, तुम्ही नाही, मी दाखवते. तो दगड काढा चाकामागचा. फाटक उघडा — पूर्ण उघडा, अर्धवट नको. मोजे राहू देत दिव्यांना, दिवस आहे. ऐका — ऐका आवाज! मागे कोणी आहे? बघा, मी मान वळवते आता, अल्पनाची शप्पथ. डावीकडे — जातेय? जातेय ना? येऊ द्या, येऊ द्या —

अय्या. लागली का? खांबाला? — लागलीच. किती? दोन्ही दारांवरून? — बाई गं. बाई गं बाई! काय उठून दिसतंय हो त्या मोतियात, जत्रेतल्या बाईने गोंदवून घेतल्यासारखं! मला हसू का येतंय? तुम्हालाही येतंय, दाबू नका, हसा — अहो, हे बघा. हे आलेच कोपऱ्यावरून. हातात नारळ आहे. तुम्हाला गाडी देताना फोडायला आणला असणार. थांबले. बघतायत.

अहो, असे उभे राहू नका रस्त्यात! हो, मीच आहे आत. हो, मला येते. नंतर सांगेन, लांब आहे, रस्ताभर सांगेन. पिंजरा उचलून टाका आज, उंदीर नाही आहे. नाही, गाडी विकायची नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय. भाऊकडे जेवायला पोचायचंय दुपारी. तुम्हाला यायचं तर या, नाही तर घरी थांबा, अजेयराव आहेत सोबतीला. — नारळ ना? फोडा की, चाकापुढे फोडा, आणलाच आहे तर. — अहो, तो रुमाल ठेवा खिशात! पुसून जायचा नाही तो ओरखडा, आत लोखंडापर्यंत गेलाय. सोडा त्याला. नारायणराव, सोडा म्हणतेय ना! — बघा, नावाने हाक मारली मी तुम्हाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. — पुढे नको, मागे बसा, पुढे बसलात तर प्रत्येक वळणाला नसलेला ब्रेक दाबाल. चपला काढून हातात कशाला घेताय? घालून बसा. माती लागली तर लागली. घाला. — अस्सं.

तुम्ही अजून उभेच, अजेयराव? आत पोहे झाकून ठेवलेत, खा, नि जाताना फाटक ओढून घ्या.