गुलाबी ससा, वय वर्षं अकरा

अहो ताई, हलू नका ना, कोटाच्या बाहीला टाचण्या लावतेय, टोचली तर मलाच बोल लावाल — तर काय सांगत होते, शाळेनं पत्रक दिलं, मुलांच्या ऑनलाइन गेमबद्दल. पालकांसाठी सूचना, चांगली दोन पानं. ते बघा, कपाटाच्या दाराला चिकटवलंय. खरं नाव सांगू देऊ नका, फोटो पाठवू देऊ नका, कुणी घरची चौकशी करायला लागलं तर मुलानं आधी ब्लॉक करायचं, मग मोठ्यांना सांगायचं — आणि मोठ्यांनी रागवायचं नाही. मी लेकीला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. अकरा वर्षांची आहे. नुसतं 'हो गं आई, हो गं आई.' म्हटलं, या कानानं ऐकलं नि त्या कानानं सोडलं. मग मी काय केलं? — हसायचं नाही हं, टाचणी आहे हातात — मीच शिरले गेममध्ये. नाव गुलाबी ससा, वय अकरा.

तिथं घरं बांधायची असतात, सजवायची असतात. झाली आमची मैत्री. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, तुझ्या पडद्याला चुण्या कमी पडल्यात. काय करणार, जित्याची खोड! रोज विचारायचे, जेवलीस का? दप्तर भरलंस का? अकरा वर्षांचा ससा विचारतो होय असं? पण ती बोलायची हो, भडाभडा बोलायची. मधल्या सुट्टीत तिच्या शेजारी कुणी बसत नाही, महिना झाला — आणि मला पत्ता नाही! विचारलं, आईला का नाही सांगत? तर म्हणते — हा हात जरा वर करा — म्हणते, आईला सांगायला जावं तर मशीन चालूच. 'हं, हं' करते, पण पाय काही थांबवत नाही.

रडले मी. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकाच्या पँटवर रडले. आणि मग विचारतच सुटले — घरी कोण कोण असतं, आई फार ओरडते का, एकटी कधी असतेस — तुमच्या आलं लक्षात? माझ्या नाही आलं! पत्रकातला पाचवा मुद्दा, अगदी शब्दन्‌शब्द! पोरीनं ताबडतोब ब्लॉक केलं. वर तक्रारही ठोकली. नि इथं मशीनपाशी येऊन ताठ उभी, 'आई, एक मोठं माणूस लहान मूल बनून बोलत होतं. मी पकडलं.' काय म्हणणार मी? शाब्बास म्हटलं. चोरानंच पोलिसाची पाठ थोपटली!

अभिमान वाटला हो, अगदी खरं. पण मग हळूच म्हणाली, 'ससा चांगला होता गं पण. त्याला सगळं सांगता यायचं.' आणि तेव्हापासून गप्प. मधल्या सुट्टीचं आडून आडून विचारलं, तर 'काही नाही.'

काय म्हणता? खरं सांगून टाकू? म्हणजे आईलाही ब्लॉक करायला मोकळी! आणि शाळेत कळलंय, उद्या बाई तिला वर्गापुढे उभं करणार आहेत, कसं पकडलं ते सांगायला. शेजारी न बसणाऱ्या सगळ्या ऐकणार. एवढ्या दिवसांनी पोरीच्या वाट्याला मान आला, तो मीच हिसकावून घेऊ? म्हणून तर दुसरं नाव घेतलंय, निळं कासव — अहो, असं काय बघता? मैत्रीची विनंती पाठवली नाहीये अजून. नुसती लिहून ठेवलीय.

आलीच बघा, जिना वाजला. तुम्ही काही ऐकलेलं नाही हं — आलीस? हात धू. डोळे का लाल? काही नाही कसं, दिसतंय की मला. आजही एकटीच बसलीस ना डबा खायला? … मला कसं कळलं? कसं म्हणजे —

बस इथं, बाळा. जवळ बस. तो ससा होता ना तुझा… ताई, कोट काढा आणि निघा तुम्ही. हो, टाचण्यांसकटच काढून ठेवा. उद्या या.