मामंजींच्या खोलीतलं बटण

सुलतान बाजारच्या दवाखान्यात ताटकळलेल्या उमाबाईंनी शेजारी बसलेल्या दोघींच्या बोलण्याकडे हळूच कान लावला.

“घरात बिजली आली, तेव्हा माझ्या दिव्याचं बटण मामंजींनी त्यांच्या खोलीत बसवून घेतलं.”

“असं बसवता येतं, वहिनी?”

“हौ. बटणात तार जुळते नि तुटते, एवढंच. ते कुठंही असो, दिवा बिचारा हुकमाचा ताबेदार. मी मॅट्रिकचं पुस्तक उघडायचे, तोच ते बटण बंद करायचे.”

“मग परीक्षा?”

“राहिली ती राहिलीच. आता त्यांना लकवा झाला. मिस्त्रीला बोलावून बटण माझ्या खोलीत घेतलं.”

“बरं केलंत.”

“त्यांच्या दिव्याचंही घेतलं.”

“अगंबाई. मग ते काय म्हणतात?”

“अंधार पडला की हाका मारतात. मी वाचत असते.”