दोन गिऱ्हाइकं निघालीत

…आन वर मलाच इचारतोय, "दादा, हा आवाज ऐकलाय का? लई फेमस हाय!" आरं बाबा, ऐकलाय का म्हणून काय इचारतोस? त्या आवाजानं मला पाळण्यात असल्यापासून शिव्या घातल्यात! मोहोळच्या स्टँडवर चहा पीत उभा होतो मी. शेजारी हे कालचं पोरगं, मोबाइल नाकापुढं धरलेला, आन मोबाइलात काय, तर एक मांजर. म्हशीच्या पाठीवर पंजा ठेवायला बघतंय, भितंय, परत बघतंय… आन मागून आवाज कुणाचा? माझ्या भावाचा! "या, या, या! हात लावून बघा! घ्यायचं न्हाय तर घेऊ नका, पण हात लावून बघा!" पोरगं हसतंय, चहावाला हसतोय, बाकड्यावरचा म्हातारा बोळक्या तोंडानं हसतोय… आन माझा चहा समदा शर्टावर. काय सांगू त्यांना? भाऊ जाऊन वरीस न्हाय झालं हो… त्याची चप्पल अजून दारात हाय, आये कुणाला हलवू देत न्हाय.

तुमाला सांगतो, माणूस गेला की त्याच्या फोटोला हार घालायची सोय असती. आवाजाला हार कुटं घालायचा?

मल्हार त्याचं नाव. मी दादा म्हणायचा. आमची मूळची मेंढरं. मेंढरं हाकून हाकून त्याचा गळा तयार झालेला. ह्या टेकडीवरनं बोंबलला की त्या टेकडीवरचं चुकार कोकरू मान वर करायचं. पुढं मेंढरं गेली, आमी सोलापुरात आलो, आन दादानं तोच गळा भोंग्याला लावला. रिक्षा मी चालवायचा. टपावर भोंगा, आन मागं दादा माइक घेऊन. ईश्वरप्पा मालकांचं नवी पेठेत चादरीचं दुकान, त्याची जाहिरात. आन नुसती मराठीत न्हाय बरं का! विणकरांच्या गल्लीत शिरलो की त्याची तेलुगू सुरू, अक्कलकोट नाक्याकडं वळलो की कानडीत "बर्री, बर्री, नोड्री!", आन मशिदीच्या मागं, "आव खाला, हात लगाको देखो!" शाळा आमची दोघांची मिळून चौथीपातूर. पण भाषा? भाषा त्याला गल्लीच्या तोंडाशी सापडायच्या.

आन 'हात लावून बघा' हे नुसतं बोलायचं नव्हतं हो! मांडीवर खरी चादर ठेवायचा. म्हाताऱ्या यायच्या, चिमटीत धरायच्या, उलटी करून बघायच्या, एक तर गालाला लावून बघायची. "घेणार का मावशी?" "न्हाय रं, बघते नुसती." "बघा की! घ्यायचं न्हाय तर घेऊ नका!" मी म्हणायचा, दादा, पेट्रोल जळतंय. तो म्हणायचा, "बिऱ्या, गप. जाहिरातीत जे बोललं ते खरं निघाय पायजे. न्हायतर हेच तोंड घिऊन उद्या ह्याच गल्लीत यायचं कसं?"

आन दुपारी आमच्या गल्लीच्या कोपऱ्याला आलो की जाहिरातीच्याच सुरात, माइकवर, समद्या गल्लीला ऐकू जाईल असं, "आन मायाक्काबाई, तवा ठेवा! दोन गिऱ्हाइकं निघालीत!" मायाक्का म्हणजे आमची आये. ती आतनं वरडायची, "मुडद्या, लाज हाय का, मायला नावानं हाक मारतोस ती!" पण तवा ठेवलेला असायचा. गल्लीतल्या बायका त्या हाकेवर आपापली भाजी टाकायच्या!

मग एक दिवस मालक म्हणाले, "बिरुदेव, भोंगा बंद. आता रील." मी म्हणलं, रील? पतंग उडवायचाय का? तर एक पोरगा बसलेला, सुबोध त्याचं नाव, चष्मा, पुण्याला शिकून आलेला. म्हणतो, "तसं नाही दादा. आता जाहिरात मोबाइलवर असते. रिक्षा एका वेळी एकाच गल्लीत जाते, रील एका वेळी सगळीकडे जातं." दादानं ऐकून घेतलं. म्हणला, "सगळीकडं जातंय, पण थांबतंय कुटं? हात कशाला लावायचा गिऱ्हाइकानं?" बरोबर हाय का न्हाय? मोबाइलातल्या चादरीला हात लावला तर हाताला काय लागतंय? काच!

पण मालकांचा मान म्हणून दादा रिक्षात बसला, मांडीवर चादर घेतली, आन काय बोललाय! जसा मोबाइलच्या मागं बाजार भरलाय! आन शेवटाला सवयीनं तोंडातनं गेलं, "आन मायाक्काबाई, तवा ठेवा! दोन गिऱ्हाइकं निघालीत!" सुबोध म्हणतो, "कट, कट! हे शेवटचं काढून टाकू, ह्याचा प्रॉडक्टशी काय संबंध?" काढलं. रील टाकलं. बघितलं कुणी? दादानं, मी, आन मालकांच्या मेव्हण्यानं! दादा म्हणला, "बिऱ्या, एवढी मोकळी गल्ली मी उभ्या जन्मात बघितली न्हाय."

आन मग कावीळ झाली त्याला. साधी हाय, साधी हाय म्हणता म्हणता डोक्यात गेली… जाऊ द्या. त्याच्यावर मी बोलत न्हाय.

दहाव्याला सीना नदीच्या काठावर पिंड ठेवला. कावळे किती? झाडभर! पण एक खाली येईल तर शपथ. ऊन चढलेलं, आये पदर डोळ्याला लावून बसलेली. मामा पुढं झाले, "मल्हारा, तुझ्या आयेला अंतर देत न्हाय!" कावळा बघतोय. मी म्हणलं, "दादा, रिक्षा इकत न्हाय!" कावळा मान वाकडी करतोय. शेवटाला ईश्वरप्पा मालक, हातात पाणी घिऊन, "मल्हार, चुकलो बाबा, तुझा भोंगा परत चालू करतो!" तरी ढिम्म! आन तेवढ्यात मागं उभ्या सुबोधच्या मोबाइलात… मला म्हाईत न्हाय कुणी काय दाबलं… एकदम, "या, या, या! हात लावून बघा! घ्यायचं न्हाय तर घेऊ नका, पण हात लावून बघा!"

कावळा आला. खाली आला, हो! शिवला!

तुमाला सांगतो, काठावर रडावं का हसावं कुणाला कळंना. भटजी तोंडाला उपरणं लावून वाकले. मालक सुबोधच्या कानात म्हणतात, "असला परिणाम आजवर बघितला न्हाय." आन मी ऱ्हायलो बघत. दादा ऱ्हायला असता तर म्हणला असता, "बघ बिऱ्या, एवढ्यात एक गिऱ्हाईक तरी खरं आलं."

त्याच आठवड्यात ते रील पेटलं होतं म्हणं. कुणी त्याचा आवाज नवरीला जोडला, कुणी पापडाला, कुणी वांग्याला, ते म्हशीवरचं मांजर तर विचारू नका! ज्याला जित्तेपणी तिघांपल्याड कुणी बघितलं न्हाय, त्याला मेल्यावर सगळा महाराष्ट्र ऐकतोय. आन पाण्यावर दिलेला शब्द म्हणून मालकांनी रिक्षा परत चालू केली. भोंग्यात दादाचा भरलेला आवाज, आन पुढं मी. मागची शीट रिकामी. त्या शीटवर घडी घातलेली चादर. कुणी हात लावत न्हाय तिला, समदी मोबाइल वर करून रिक्षाचंच शूटिंग काढत्यात.

पयल्या दिवशी आमच्या गल्लीत शिरलो. आवाज येतोय, "हात लावून बघा…" आये दारात येऊन उभी. ऐकतीय, ऐकतीय… जाहिरात संपली. ती तशीच उभी. म्हणली, "फुडचं कुटं हाय रं?"

"कुठलं फुडचं, आये?"

"माझं."

गेलो तडक सुबोधकडं. म्हणलं, ते शेवटचं दे. तो म्हणतो, "दादा, ते तर डिलीट झालं. फोनमध्ये जागा नव्हती." जागा नव्हती! मांजराला जागा हाय, वांग्याला हाय, माझ्या आयेला जागा न्हाय? त्याचा शूटिंगचा गोल दिवा हाय की न्हाय, चाळणीएवढा, तो उचलला मी, डोक्यातच घालणार होतो. तो टेबलाखाली. खालनं म्हणतो, "थांबा थांबा! त्यांचा आवाज आहे आपल्याकडे, वाक्य नवीन बनवता येतं!"

मी सांगितलं, त्यानं टाइप केलं, एक बटण दाबलं. "आन मायाक्काबाई, तवा ठेवा! दोन गिऱ्हाइकं निघालीत!"

दादा! तसाच, हुबेहूब! दिवा गळ्यात अडकवून तिथंच फरशीवर बसलो मी. सुबोध खाली येऊन बसला. भला पोरगा हाय तसा. पाणी दिलं. आन मग हळूच, भीत भीत म्हणतो, "दादा… आता दोनचं एक करू का? लगेच होतं."

लगेच होतं म्हणं. आमचं दोनाचं एक व्हायला वेळ लागला का?

आयेला नेऊन ऐकवलं. म्हणलं, बघ, माणूस न्हाय, कॉम्प्युटर हाय, एक कर म्हणलीस तर एक करतो. तिनं परत लावायला सांगितलं. परत लावलं. म्हणली, "दोन म्हणतोय."

"व्हय."

"मग दोनच ऱ्हाऊ दे. त्याचं बोलणं कापायचं न्हाय आता."

तवापासनं असं चाललंय बघा. दुपारी कोपऱ्यावर आलो की भोंगा बोलतो, "दोन गिऱ्हाइकं निघालीत!" गल्लीत बायका भाजी टाकतात, आये आतनं वरडती, "मुडद्या, लाज हाय का!" आन मी घरात जातो तर दोन ताटं. दोन्हीवर भाकरी, दोन्हीवर ठेचा. पयल्या दिवशी म्हणलं, आये, मी एकटाच हाय गं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय, दुसऱ्या ताटात आमटी वाढली.

आता तुमीच सांगा, काय करायचं? एक ताट खातो, सरकून बसतो, दुसरं खातो. शर्टाची बटणं लागंनात, मालक म्हणतात, बिरुदेव, दुःखात माणसं वाळतात, तू सुटाय लागलास! त्यांना काय सांगू? जाहिरातीत दोन म्हणलंय… खरं निघाय पायजे का न्हाय? न्हायतर हेच तोंड घिऊन उद्या ह्याच गल्लीत यायचं कसं?