बेंदराला रंगवलेला गवा

तुम्ही आमच्या घरी येऊन गेलाय, म्हणजे सोप्यातल्या भिंतीवरची गव्याची शिंगं पाहिलीच असतील. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा आबांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, वडिलांनी गगनबावड्याच्या रानात तो गवा मारला होता. शिंगांना खोबरेल लावून पुसायचं काम आबा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

एका वर्षी बेंदराच्या, म्हणजे बैलांची शिंगं रंगवायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी ताईला बघायला पाहुणे आले. ताईला कॉलेजला जायचं होतं, पण आबांना सांगणार कोण?

पाहुणे टेकले तसे आबा भिंतीकडे न बघताच म्हणाले, "ह्यो गवा आमच्या वडलांनी मारलेला."

मुलाच्या वडिलांनी वर पाहिलं. शिंगांना लालभडक ऑइलपेंट, टोकांना पितळी शेंब्या आणि खाली लोंबणारे गोंडे.

"गवा व्हय? मग औताला किती वर्सं हुता?"

आबांनी मान वळवली आणि ते शिंगांकडे बघत उठूनच उभे राहिले. तेवढ्यात चहा घेऊन आलेली आमची नवी काकू म्हणाली, "मीच रंगवली की. आमच्या म्हायेरी नेसरीत बेंदराला कुठलं शिंग रिकामं ठेवत न्हाईत."

मुलाची आई काकूकडे कौतुकानं बघतच राहिली. "बाई, तुला पाठची भन हाय काय गं, लग्नाची?"

"हाय की. तिनं तर म्हशीचीबी रंगवल्यात."

"मग तिलाच बघूया की ओ," मुलाची आई नवऱ्याला म्हणाली.

ताई पोह्यांचा ट्रे घेऊन दाराआड उभी होती. ती तशीच मागं वळली आणि मला म्हणाली, "चल, आपणच खाऊ."