नमुन्याची बाटली

रोगाशी भांडणं सोपं आहे हो, पाहुणचाराशी भांडून बघा एकदा! निजाम जाऊन दोन-चार वर्षं झालेली. झरी गावाच्या पलीकडच्या एका गावात घरटी कुणाच्या तरी पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघायचा. बारवेत पाय बुडवून पाणी भरायचं आणि तेच प्यायचं, दुसरं काय होणार? मी तिथला सरकारी डॉक्टर; गावच्या पाटलांना बजावलं, "पाण्याच्या नमुन्यात किडे सापडले, की सरकार नवा आड खोदून देईल." नेमका मी तापाने पडलो, म्हणून नमुन्याची रिकामी बाटली भरून धाडायला पाटलांच्याच हाती दिली.

महिन्याने अहवाल आला: पाणी उत्तम, नवा आड नामंजूर. मी तणतणत गावात गेलो.

"पाटील, बाटली बारवेतच भरली ना?"

"छ्या! सरकारदरबारी जायचं पानी, ते काय घाण धाडावं? सोयऱ्याच्या मळ्यातून आनलं, गाडी जुंपून. दोनदा गाळलं, वर वाळा टाकला."

"अहो, आता आड मिळणार नाही!"

"ऱ्हाऊ द्या की सायेब. गावाची अब्रू तर ऱ्हायली!"

आणि पाटील गावभर साखर वाटायला निघाले, नारूवर चिंधी बांधलेला पाय ओढत.